११ नंतर थेट एकोणीस वेळा १: एकाच अंकाच्या संख्या आणि मूळ संख्या

प्रश्न असे आहेत. ११ ही मूळ संख्या आहे, पण १११, ११११, १११११ यांपैकी एकही मूळ नाही आणि मग एकदम १ हा अंक एकोणीस वेळा लिहिला की मूळ संख्या मिळते, असे का? २२२, ७७७७ या कधीच मूळ का नसतात? ३१, ३३१, ३३३१, ३३३३१ या सगळ्या मूळ आहेत, तर ही मालिका कायम तशीच चालते का? आणि शेवटचा, मला सगळ्यात आवडलेला प्रश्न: कुठलीही संख्या घेऊन तिच्या शेवटी १ जोडत गेलो, तर कधी ना कधी मूळ संख्या येणारच ना?

या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. प्रत्येक मूळ संख्या या मालिकांना ठरावीक अंतराने भागते. ते अंतर हाताशी आले की मालिका कुठे तुटणार, कुठे तग धरणार, हे बऱ्याच वेळा संगणक सुरू करण्याआधीच सांगता येते.

सोपा भाग आधी. ७७७७ म्हणजे ७ × ११११ आणि २२२ म्हणजे २ × १११. एकाच अंकाची कुठलीही संख्या, जिला रेपडिजिट म्हणतात, ती तो अंक गुणिले सगळे १ असलेली संख्या अशी फुटते. त्यामुळे २, ३, ५, ७ हे सुटे अंक सोडले तर मूळ रेपडिजिट फक्त एकाच प्रकारचे असू शकतात, सगळे १ असलेले. त्यांना रेपयुनिट म्हणतात. न वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येला आपण र(न) म्हणू. तिचे सूत्र (१०^न − १) ÷ ९.

न संयुक्त असेल तर र(न) सुद्धा संयुक्तच. १११११ च्या पुढची सहा अंकांची संख्या पाहा: ११११११ = १११ × १००१, आणि ११ × १०१०१ सुद्धा. सहाचे जितके तुकडे पडतात तितक्या पद्धतींनी ही संख्या फुटते. म्हणजे न मूळ असलाच पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही:

र(३) = ३ × ३७
र(५) = ४१ × २७१
र(७) = २३९ × ४६४९
र(११) = २१६४९ × ५१३२३९
र(१३) = ५३ × ७९ × २६५३७१६५३
र(१७) = २०७१७२३ × ५३६३२२२३५७

आणि मग र(१९) मूळ, र(२३) मूळ. त्यानंतर थेट र(३१७). त्यानंतर र(१०३१).

आता ती मुख्य गोष्ट. २ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, तिने भागला जाणारा रेपयुनिट असतोच. कारण साधे आहे. र(१), र(२), र(३)… यांना त्या संख्येने भागत जा. बाक्या मोजक्याच आहेत, रेपयुनिट मात्र अनंत, तेव्हा कुठल्या तरी दोन रेपयुनिटांची बाकी सारखी येणार. त्या दोघांची वजाबाकी केली की उरते काही १ आणि त्यांच्यापुढे काही शून्ये. शून्यांचा भाग १० च्या घातांचा, त्याला आपली मूळ संख्या भागत नाही, म्हणून ती त्या १ च्या ओळीलाच भागते. ज्या लांबीला हे पहिल्यांदा घडते तिला त्या मूळ संख्येचे आवर्तन म्हणू. ७ चे आवर्तन ६, म्हणजे ७ ने र(६), र(१२), र(१८) भागले जातात, मधले एकही नाही. ११ चे २, ३७ चे ३, १०१ चे ४, ४१ चे ५, १३ चे ६, ७३ चे ८, ३१ चे १५, १७ चे १६, १९ चे १८.

हे आवर्तन म्हणजेच शाळेत शिकलेल्या आवर्ती दशांशाची लांबी (३ हा एकटा अपवाद, त्याचे रेपयुनिटांतले आवर्तन ३ आहे). १/४१ = ०.०२४३९ ०२४३९… आणि १/२७१ = ०.००३६९ ००३६९…, दोन्हींत पाच अंकांचा गट, कारण दोघेही र(५) चे अवयव. त्यात आणखी एक गंमत आहे: २४३९ म्हणजे ९ × २७१ आणि ३६९ म्हणजे ९ × ४१. एकाच्या दशांशात दुसरा लपलेला आहे. र(५) ला दोनच अवयव असल्यामुळे हे इतके स्वच्छ दिसते.

इथून एक सुंदर मालिका निघते. ४१ आणि २७१ यांना पाचचे आवर्तन वाटून घ्यावे लागते, ७ आणि १३ यांना सहाचे, २३९ आणि ४६४९ यांना सातचे. पण १/३७ इतकी म्हणजे तीन अंकी दशांशलांबी असलेली मूळ संख्या ३७ एकटीच, चार अंकी असलेली १०१ एकटीच. अशांना सॅम्युअल येट्स यांनी १९८० मध्ये ‘एकमेव मूळ संख्या’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांची यादी ३, ११, ३७, १०१, ९०९१, ९९०१, ३३३६६७, ९०९०९१… अशी चालते. प्रत्येक मूळ रेपयुनिट या यादीत आपोआप बसतो. अंकांच्या रूपाकडे पाहिले तरी कळते की यांचा जन्म रेपयुनिटांच्या पोटातच झाला आहे.

तुम्ही लॅपटॉपवर अवयव शोधणार असाल तर पुढचा भाग नीट वाचा, इथे वेळ वाचतो. प मूळ असेल (३ पेक्षा मोठी) आणि एखादी मूळ संख्या र(प) ला भागत असेल, तर तिचे आवर्तन नेमके प असले पाहिजे. फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे आवर्तन हे त्या मूळ संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येला भागते. म्हणून र(प) चा प्रत्येक मूळ अवयव २ × प × क + १ याच रूपाचा असतो. शिवाय आवर्तन विषम असल्यामुळे त्या अवयवाच्या दृष्टीने १० ही वर्ग-अवशेष ठरते, म्हणजे कुठला तरी वर्ग आणि १० यांना त्या अवयवाने भागल्यावर सारखीच बाकी उरते, आणि त्यामुळे अवयवाला ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ यांपैकीच येते. दोन्ही चाळण्या र(७) ला लावून बघा. १४क + १ रूपाच्या मूळ संख्या २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. दुसऱ्या चाळणीत २९, ११३, १२७, २११ गळतात. उरल्या ४३, ७१, १९७, २३९. चौथ्या भागाकाराला उत्तर हातात: १११११११ = २३९ × ४६४९. हीच चाळणी लाखो अंकांच्या रेपयुनिटांवरही चालते. मोठे शोध घेणारे आधी हीच चालवतात आणि बहुतेक उमेदवार इथेच बाद होतात.

या चाळणीतच पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. लहान मूळ संख्या र(प) ला भागूच शकत नाहीत, म्हणून तेवढ्याच अंकांच्या एखाद्या सरसकट संख्येपेक्षा र(प) मूळ असण्याची शक्यता जास्त. पण प वाढला की अंकसंख्याही त्याच वेगाने वाढते आणि शक्यता घसरते. दोन्हींचा मेळ घालून जो अदमास निघतो तो असा: न इतक्या अंकांपर्यंत सापडणाऱ्या मूळ रेपयुनिटांची संख्या साधारण ०.७७ गुणिले न चा नैसर्गिक लॉगरिदम. ८१ लाख अंकांपर्यंत हा आकडा सुमारे १२ येतो, आणि प्रत्यक्षात आज ११ माहीत आहेत. तेव्हा २, १९, २३, ३१७, १०३१ या उड्यांत काही गूढ नाही. लॉगरिदमच्या संथ चालीने जितक्या मिळायला हव्यात तितक्याच मिळत आहेत. अशा मूळ संख्या अनंत असाव्यात असे या विषयातले जवळपास सगळे मानतात. सिद्धता कुणाकडेही नाही.

पूर्ण यादी लांबींच्या रूपात लिहितात: २, १९, २३, ३१७, १०३१, ४९०८१, ८६४५३, १०९२९७, २७०३४३, ५७९४७७७, ८१७७२०७. पूर्णांक मालिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात, जो नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या संग्रहातून वाढला, ही मालिका ए००४०२३ या क्रमांकाने आहे. तिथे संख्या न देता लांब्या देतात. १०३१ अंकांची संख्या छापून कुणाला उपयोग?

र(१९) मूळ असल्याचे १९१६ मध्ये ऑस्कर हॉप यांनी दाखवले, र(२३) चे १९२९ मध्ये लेमर आणि क्राइचिक यांनी. र(३१७) साठी १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. ते काम ह्यू विल्यम्स यांचे. र(१०३१) ची सिद्धता विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी वापरलेली वाट समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या संख्येतून १ वजा करून उरलेल्याचे पुरेसे अवयव माहीत असतील, तर ती मूळ असल्याची पक्की सिद्धता देता येते. आणि रेपयुनिटातून १ वजा केला की काय उरते? पुन्हा रेपयुनिटच, शेवटी एक शून्य लावलेला. र(१९) − १ = १० × र(१८). अठराचे अवयव भरपूर, म्हणून र(१८) सहज फुटतो, आणि

र(१९) − १ = २ × ५ × ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७.

वर भेटलेली ३३३६६७ इथे पुन्हा आली. र(१०३१) च्या बाबतीत हेच काम र(१०३०) वर करावे लागले, आणि १०३० चे २, ५, १०३ असे तुकडे पडतात म्हणून ते जमले.

जिथे अशी सोय नसते तिथे आधी फक्त ‘संभाव्य मूळ’ एवढेच म्हणता येते. र(४९०८१) डबनर यांना १९९९ मध्ये सापडला, तो मूळ असल्याची सिद्धता २०२२ मध्ये आली; मधली तेवीस वर्षे तो संभाव्यच होता. र(८६४५३) ची सिद्धता २०२३ ची, लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेल्या पद्धतीने. सेर्गेई बतालोव आणि रायन प्रॉपर यांनी २०२१ मध्ये शोधलेले शेवटचे दोन, ५७ लाख आणि ८१ लाख अंकांचे, सिद्धतेच्या आवाक्याबाहेर आहेत. ‘संभाव्य’ हा शब्द कुठल्याही यादीत दिसला तर तो गाळून पुढे लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मराठीतल्या लेखांत तो सर्रास गळतो.

आणि एक सापळा, ज्यात नवखे हमखास अडकतात. संभाव्य मूळ आहे का हे पाहायला फर्माची चाचणी वापरतात, तिच्यासाठी एक पाया निवडावा लागतो: त्या पायाचा (संख्या − १) वा घात संख्येने भागून बाकी १ उरली की संख्या उत्तीर्ण. रेपयुनिट आहेत म्हणून पाया १० निवडला, तर तीनपेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ प साठी र(प) चाचणीत उत्तीर्ण होतो, संयुक्त असला तरीही. १११११ = ४१ × २७१ सुद्धा उत्तीर्ण! कारण १०^प ला र(प) ने भागले की बाकी १ उरते, आणि प ही र(प) − १ ला भागते. चाचणी रेपयुनिटाला त्याच्या घरचाच प्रश्न विचारते. पाया ३ किंवा ७ घ्या.

आता ३१, ३३१, ३३३१. ही मालिका खरोखर मोहात पाडते: ३१, ३३१, ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१ या सातही मूळ आहेत. आठवी, नऊ अंकांची, ३३३३३३३३१ = १७ × १९६०७८४३. पण ती तुटणार हे भागाकार न करताही कळते. ३१ चे आवर्तन १५. म्हणजे दोन अंकांच्या ३१ नंतर पंधरा पावलांनी, सतरा अंकांच्या सदस्याला, ३१ पुन्हा भागते. त्या दोन सदस्यांतली वजाबाकी ३०० × र(१५) आहे आणि ३१ ही र(१५) चा अवयव आहे. तीच गोष्ट ३३१ ची, ३३३१ ची. मालिकेत जी मूळ संख्या सदस्य म्हणून येते ती आपल्या आवर्तनाने परत येते, या वेळी अवयव म्हणून. अशा घडणीची कोणतीही मालिका कायम मूळ राहू शकत नाही, कारण तिचे पहिलेच मूळ सदस्य पुढचे एक सदस्य पाडते. १७ ने हे काम आधी केले एवढेच, आणि १७ चे आवर्तन १६ असल्यामुळे २५ अंकी, ४१ अंकी सदस्यही तिच्याच वाट्याला गेले. दहा अंकी सदस्याला ६७३ भागते, अकरा अंकीला ३०७, बारा अंकीला १९. त्यानंतरची मूळ संख्या अठरा अंकांची, आणि तिच्यानंतरची चाळीस अंकांची.

इथे आपल्या मातीतल्या एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते, आणि रेपयुनिटांशी त्यांचे आयुष्यभराचे सख्य होते. जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या हे नाव दिले. डावा आणि उजवा भाग मिळवला की रेपडिजिट व्हावा आणि मधे तोच अंक कितीही वेळा यावा, अशी त्यांची घडण: १६५ मध्ये १ + ५ = ६ आणि मधेही ६, तसेच १६६५, १६६६५. रेपयुनिटांचे वर्ग, १२१, १२३२१, १२३४३२१ पासून १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत, यांना ते अद्भुत डेमलो संख्या म्हणत. वर्ग असल्यामुळे या मूळ असू शकत नाहीत, त्यांचे अवयव रेपयुनिटांचेच, दोनदा. पण नऊच्या पुढे १० सरळ लिहून टाकला तर घडण मोडते, वर्ग राहत नाही, आणि १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या चक्क मूळ निघते. कापरेकरांच्या कामाला ‘करमणुकीचे गणित’ म्हणून बाजूला सारणारे लोक मला भेटतात तेव्हा वाईट वाटते. अंकांच्या घडणीवरून अवयव ओळखण्याची ती नजर वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत लागते.

अंक कसेही फिरवले तरी मूळच राहणाऱ्या संख्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या थेट रेपयुनिटांपाशी येऊन थांबतात. ११३, १३१, ३११ या तिन्ही मूळ. १९९ आणि ३३७ यांची कुटुंबेही तशीच. एकाहून अधिक अंक असतील तर अशा संख्येत १, ३, ७, ९ एवढेच अंक चालतात, नाहीतर सम अंक किंवा ५ शेवटी आणता येईल. शिवाय चारही अंक एकत्र येऊ शकत नाहीत: ७९३१, १७९३, ९१३७, ७९१३, ७१९३, १९३७, ७१३९ यांना ७ ने भागा, बाक्या अनुक्रमे ०, १, २, ३, ४, ५, ६ येतात. बाकीचे अंक पुढे ठेवून हे चार शेवटी असे फिरवले की एक तरी मांडणी ७ ने भागली जाणारच. याच दिशेने पुढे गेले की उरतात रेपयुनिट आणि एखादाच अंक वेगळा असलेल्या संख्या. तीनपेक्षा जास्त अंकांची, रेपयुनिट नसलेली अशी एकही संख्या आजवर सापडलेली नाही.

संख्या लिहिण्याचा पाया, जो आपल्या नेहमीच्या लिखाणात १० असतो, बदलला की चित्र पालटते. पाया २ मध्ये लिहिलेले रेपयुनिट म्हणजे २^न − १, मर्सेन संख्या. त्यांच्यासाठी लुकास-लेमर ही खास चाचणी आहे, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,१०,२४,३२० अंकांची मर्सेन मूळ संख्या पक्क्या सिद्धतेसह जाहीर होऊ शकली, आणि आपला ८१ लाख अंकी रेपयुनिट संभाव्यच राहिला. पाया ९ मध्ये तर एकही मूळ रेपयुनिट नाही, कारण ९^न − १ नेहमीच (३^न − १) × (३^न + १) असे फुटते.

आणि पाया मोकळा सोडला तर? फोर्तालेझा इथे १९९४ मध्ये झालेल्या इबेरो-अमेरिकन गणित ऑलिम्पियाडमधून ब्राझिलियन संख्या पुढे आल्या: २ पासून न − २ पर्यंतच्या कुठल्या तरी पायात रेपडिजिट दिसणारी संख्या न. ८ पासूनच्या संयुक्त संख्या जवळजवळ सगळ्या अशा आहेत. १५ = ३ × ५, म्हणजे पाया ४ मध्ये ३३. अपवाद फक्त मूळ संख्यांच्या वर्गांचा, आणि त्यातही १२१ हा अपवादाचा अपवाद, कारण १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१, म्हणजे पाया ३ मध्ये १११११. मूळ संख्यांचे मात्र उलट आहे. त्यांना ब्राझिलियन व्हायचे तर किमान तीन १ असलेला रेपयुनिटच व्हावे लागते: ७, १३, ३१, ४३, ७३, १२७, १५७… ३१ तर दोनदा दिसते, पाया २ मध्ये १११११ आणि पाया ५ मध्ये १११. असे दुहेरी दर्शन देणारी दुसरी एकच संख्या माहीत आहे, ८१९१: पाया २ मध्ये तेरा वेळा १ आणि पाया ९० मध्ये १११.

आता शेवटचा प्रश्न. संख्येच्या शेवटी १ जोडत गेलो तर मूळ संख्या येणारच का?

२ घेतली तर २१ नाही, पण २११ आहे. ५ साठी ५१११११ पर्यंत जावे लागते. ११ घेतली तर सतरा १ जोडावे लागतात, म्हणजे आपला र(१९). १२ ला आणखी चिकाटी लागते: १३६ वेळा १ जोडल्यावर पहिली मूळ संख्या येते. इतका वेळ काही न मिळाल्यावर ‘इथे कधीच नाही’ असे म्हणावेसे वाटते, आणि १२ च्या बाबतीत ते चूक ठरते.

पण ३७ घ्या. ३७१ = ७ × ५३. ३७११ = ३ × १२३७. ३७१११ = ३७ × १००३. ३७११११ = १३ × २८५४७. ३७१११११ ला पुन्हा ३ भागते, ३७११११११ ला पुन्हा ३७. आता आवर्तने आठवा: ३ आणि ३७ यांचे ३, ७ आणि १३ यांचे ६. म्हणजे १ ची संख्या तीनच्या पटीत असेल तेव्हा ३७ भागते. तीनने भागून बाकी २ उरली तर ३ भागते. सहाने भागून बाकी १ उरली तर ७, आणि ४ उरली तर १३. सहाच्या सहा घरे भरली, एकही रिकामे राहिले नाही. ३७ च्या शेवटी कितीही वेळा १ जोडा, मूळ संख्या कधीच येणार नाही, आणि ही सिद्धता कागदावर चार ओळींत मावते.

३८ चेही तसेच, पण तिथे एक घर अवयवांच्या फेऱ्याने भरत नाही. १ ची संख्या तीनने भागून बाकी १ असेल तर ३ भागते, २ असेल तर ३७ (३८११ = ३७ × १०३). तीनच्या पटीत असेल तेव्हा कुठलीही एक ठरावीक मूळ संख्या मदतीला येत नाही. तिथे सूत्र लिहून बघा: ३८ पुढे न वेळा १ म्हणजे (३४३ × १०^न − १) ÷ ९. ३४३ म्हणजे ७ चा घन, न तीनच्या पटीत म्हणून १०^न सुद्धा घन, आणि दोन घनांची वजाबाकी नेहमी फुटते. ३८१११ साठी ७० चा घन वजा १, भागिले ९, म्हणजे ६९ × ४९७१ ÷ ९ = २३ × १६५७.

अशी कुठलीही संख्या तपासताना आधी ३, ७, ११, १३, ३७ यांची आवर्तने मांडून कोणती घरे रिकामी राहतात ते बघा, रिकाम्या घरात घन किंवा वर्ग लपला आहे का ते सूत्रावरून तपासा, आणि तरीही घर उघडे राहिले तरच संगणकाला कामाला लावा.